शेती हाती, भाव दुसऱ्याच्या हाती : डॉ. पंजाबराव देशमुखांच्या कारकिर्दीकडे पुन्हा पाहताना



आजचा विषय वऱ्हाडात नवा नाही. दरवर्षी २७ डिसेंबरला अमरावती-अकोल्यातल्या किती तरी शाळा-कॉलेजांत भाऊसाहेबांवर, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांवर, भाषणं होतात. त्यांतली बरीच मी ऐकली आहेत, काही केलीही आहेत. त्या भाषणांचा साचा ठरलेला असतो. पापळसारख्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा विलायतेला गेला, डॉक्टर आणि बॅरिस्टर झाला, परत येऊन त्यानं शाळा काढल्या, मग तो देशाचा कृषिमंत्री झाला. टाळ्या, हार, आभारप्रदर्शन.

या साच्यात खोटं काही नाही, पण विचारही काही नाही. ज्याची फक्त स्तुती होते त्याच्याकडून आपण शिकत नाही, कारण त्याला प्रश्न विचारायचं आपण सोडून दिलेलं असतं. म्हणून आज एक साधा प्रश्न घेऊन बोलणार आहे. शेतकऱ्याचा मुलगा सत्तेत गेला की शेतकऱ्याचं काय होतं? भाऊसाहेबांइतका लायक माणूस तिथं पोचला आणि तरीही वऱ्हाडातला शेतकरी आज आहे त्या जागी आहे, तर उणीव कुठं राहिली? त्यांच्यात, की ते ज्या खुर्चीवर बसले त्या खुर्चीत?

आधी भूमी समजून घेऊ. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढे इथं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली. जमिनीची मोजणी झाली, सारा ठरला, आणि जमीन कुळाच्या नावावर लागली. ती विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. हे वरदान दिसतं, पण जी वस्तू गहाण टाकता येते तीच सावकाराला हवी असते. त्यातच १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली. अकोला, अमरावती, खामगाव हे कापसाचे बाजार म्हणून जगाला ठाऊक झाले. १८६५ला तिकडचं युद्ध संपलं आणि इकडचा भाव बसला. वऱ्हाडी शेतकऱ्याच्या आयुष्यातला मोठा धडा तेव्हाच देऊन झाला होता : तुझ्या पऱ्हाटीला पाणी इथल्या ढगातून मिळेल, पण तिचा भाव ठरेल सात समुद्रांपलीकडे.

भाऊसाहेबांचा जन्म १८९८चा. १८९६-९७चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता आणि १८९९-१९००चा, वऱ्हाडाला जास्त झोडपणारा दुष्काळ यायचा होता. दोन दुष्काळांच्या मधल्या फटीत जन्मलेलं हे मूल. वडील शामराव शेतकरी, आई राधाबाई. पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती, मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, असा शिक्षणाचा प्रवास झाला. १९२० साली ते इंग्लंडला गेले. त्यासाठी घरची शेती गहाण पडली, असं चरित्रांत येतं. जयंतीच्या भाषणात हे वाक्य डोळ्यांत पाणी आणण्यासाठी वापरतात. मला ते वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. ज्याचं शिक्षणच गहाणखतावर उभं होतं, त्यानं पुढे दोनच गोष्टींवर जन्मभर काम केलं : कर्ज आणि शिक्षण. हा योगायोग नाही. त्यांच्या विचाराची चौकट इथं तयार झाली, आणि तिची मर्यादाही इथंच तयार झाली, असं मी पुढे म्हणणार आहे.

तिकडे ते बॅरिस्टर झाले आणि एडिनबरा विद्यापीठात डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय घेतला तो वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. हा प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं ग्रंथरूपात छापला. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून इथं जरा थांबतो. पुष्कळ लोक विचारतात, शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याला वेदांचं काय काम? मला उलट वाटतं. विषयाच्या नावातले दोन शब्द पाहा : उगम आणि विकास. ज्याला उगम आहे ते अनादि नाही. ज्याचा विकास झाला ते बदलत आलं आहे, म्हणजे यापुढेही बदलू शकतं. धर्माकडे इतिहास म्हणून पाहायला शिकलेला माणूस १९२६ साली अमरावतीला परततो, आणि पुढच्या सहा-सात वर्षांत जे करतो ते या दोन शब्दांशिवाय नीट कळत नाही.

काय केलं त्यांनी? सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, जेवतील, असं श्रद्धानंद छात्रालय काढलं. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली, त्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या परिषदेला आले. या चळवळीत भाऊसाहेब पुढे होते. त्याच महिन्यात त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय लग्न केलं. १९२७ साल आहे हे लक्षात घ्या. आजही आंतरजातीय लग्न म्हटलं की गावात काय काय होतं ते तुम्ही जाणताच. पुढल्या वर्षी ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा निर्णय झाला. मंदिर, पंगत, लग्न, पाणी : जात जिथं जिथं माणसाला अडवते त्या चारही दारांवर हा माणूस दोन वर्षांत जाऊन उभा राहिला. नुसता भाषण देऊन परतला नाही.

१९३०मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून आले आणि मंत्री झाले. शिक्षण, शेती, सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. आता यातली मेख ऐका. १९१९च्या कायद्यानं प्रांतात द्विदल राज्यपद्धती आणली होती. काही खाती ‘सोपीव’, म्हणजे लोकांनी निवडलेल्या मंत्र्याकडे. काही खाती ‘राखीव’, म्हणजे गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. शेती सोपीव होती, शिक्षण सोपीव होतं. पण जमीनमहसूल? राखीव. पाटबंधारे? राखीव. पोलीस आणि तिजोरी? राखीव. म्हणजे शेतकऱ्याचा मुलगा शेतीमंत्री झाला, पण शेतकऱ्याचा सारा कमी करायचा अधिकार त्याच्याकडे नाही, त्याच्या वावरात कालवा न्यायचा अधिकार नाही आणि पैसा हवा तर दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. खातं नावाला शेतीचं, पण शेतीचा जीव ज्यात आहे ते सगळं शेजारच्या दालनात. हे चित्र नीट लक्षात ठेवा, पुढे दिल्लीत ते पुन्हा येणार आहे.

अशा बांधलेल्या हातांनी त्यांनी दोन गोष्टी करून पाहिल्या. पहिली, १९३२चं देवस्थान संपत्तीचं विधेयक. देवळांकडे पडून असलेली मालमत्ता शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामी लावावी, हा त्याचा गाभा. तिजोरी राखीव आहे ना? मग देवाची तिजोरी उघडा. प्रचंड विरोध झाला, विधेयक कायदा होऊ शकलं नाही. पण ज्यानं धर्माचा उगम आणि विकास अभ्यासला त्यालाच हे सुचू शकलं. ‘देवाच्या नावानं जमलेला पैसा माणसाच्या कामी का येऊ नये’ हा प्रश्न गाडगेबाबा कीर्तनातून विचारत होते. भाऊसाहेबांनी तो कायदेमंडळाच्या टेबलावर ठेवला. वऱ्हाडच्या एकाच मातीत एकाच काळात एक माणूस खराट्यानं आणि दुसरा कलमांनी तेच काम करत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे १९३३चा कर्ज लवाद कायदा, ज्याचं श्रेय वऱ्हाडात भाऊसाहेबांना दिलं जातं. १९२९ची जागतिक मंदी आली, कापूस कोसळला. ज्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलं तो भाव राहिला नाही, कर्जाचा आकडा मात्र होता तिथंच राहिला, व्याजानं वाढत गेला. या कायद्यानं लवाद मंडळं बसवायची सोय केली. सावकार आणि ऋणको समोरासमोर बसतील, कर्जाचा हिशेब उलगडतील, तडजोडीनं रक्कम कमी करून हप्ते बांधतील. सावकारानं वाजवी तडजोड नाकारली तर पुढे कोर्टात त्याला खर्च आणि चढं व्याज मिळणं अवघड व्हावं, अशी मेख त्यात होती. त्या काळात हे पाऊल धाडसाचं होतं. कागदावरच्या आकड्याला प्रश्न विचारता येतो, हे अडाणी समजल्या जाणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्यांदा सरकारी मंडळासमोर कळलं.

आता टीकेकडे येतो. लवादाच्या कल्पनेत एक गृहीतक दडलेलं आहे. ते असं की कर्ज हा शेतकऱ्याचा रोग आहे आणि सावकार हा त्या रोगाचं कारण. पण १९२९नंतर काय घडलं होतं? सावकार तोच होता, व्याजाचा दर तोच होता, शेतकऱ्याचं कष्ट तेच होतं. बदलला होता फक्त भाव. म्हणजे कर्ज हा ताप होता, रोग दुसराच होता. तापावर औषध देणं गुन्हा नाही, माणूस जगायला हवा. पण ताप उतरला म्हणजे रोग बरा झाला, असा समज पक्का झाला की पुढच्या पिढ्या तापाचंच औषध मागत राहतात. आपण आज तेच करत नाही काय? २००६च्या जुलैत पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्ध्यासाठी, ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यातही व्याजमाफी होती, नवं कर्ज होतं. २००८ला देशभर कर्जमाफी झाली. त्यानंतर राज्यानंही कर्जमाफ्या केल्या. १९३३ ते आजपर्यंत आपलं धोरण कर्जाच्या आसपासच फिरतं आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मालाच्या भावात जे नाही ते कर्जाच्या तडजोडीत कुठून येईल?

आता शिक्षणाकडे वळू. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. अमरावती, अकोला आणि साऱ्या वऱ्हाडात तिचं जाळं पसरलं. शाळा, कॉलेजं, वसतिगृहं, पुढे मेडिकल कॉलेज. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरातला पहिला पदवीधर या संस्थेतून निघालेला असेल. कुणब्याच्या, माळ्याच्या, तेल्याच्या, बौद्धाच्या मुलाला कॉलेजची पायरी चढता आली ती या माणसामुळे. याचं मोल कमी करणारा मी कोण?

तरी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. शेतकऱ्याच्या मुलानं शिकावं ते कशासाठी? शेती सुधारण्यासाठी, की शेतीतून सुटण्यासाठी? संस्थेच्या बोधवाक्यात तुम्ही काहीही लिहा, बापाच्या मनात एकच उत्तर होतं : पोराच्या हाती वखर-डवरा नको, पेन हवा. आणि शाळांनी बापाचं ऐकलं. मास्तर झाले, कारकून झाले, तलाठी झाले, वकील झाले, आणि झाले तितके पुढारीही झाले. जो हुशार तो निघून गेला, जो मागे राहिला त्याला गावानं ‘हा काही कामाचा नाही’ म्हणून वावरात धाडलं. तीन पिढ्या हे चाललं. याचा परिणाम असा की शेती ही नापासांची जागा ठरली. आज वऱ्हाडात शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, ही तक्रार तुम्ही रोज ऐकता. ती तक्रार आकाशातून पडलेली नाही. आपल्या शिक्षणानं जी उतरंड शिकवली तिचं ते फळ आहे.

याचा दोष एकट्या भाऊसाहेबांना देणं अन्यायाचं होईल. शिडी लावणाऱ्यानं शिडी लावली. वर चढलेल्यांनी खाली वळून पाहिलं नाही, हा त्यांचा दोष. पण शिडी एकाच दिशेनं जाणारी होती, हेही खरं. वर गेलेला परत उतरून वावरात येईल असं शेतीत काही उरलंच नव्हतं, कारण पुन्हा तेच : भाव.

आता दिल्ली. १९४६मध्ये सुरू झालेल्या संविधान सभेचे ते सभासद झाले. तिथं ते फार बोलले, दुरुस्त्या मांडल्या. मागासलेल्या शेतकरी जातींना नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा मिळावा म्हणून ते झगडले. गेल्या काही वर्षांत मराठा आरक्षणाचा वाद तापला तेव्हा त्यांचं नाव पुन्हा ऐकू आलं. विदर्भातल्या मराठ्यांनी कुणबी म्हणून नोंद करावी असा सल्ला त्यांनी दिला होता, असं सभांतून सांगितलं जातं. त्या वादात आज शिरत नाही. पण एवढं खरं, की ‘मागास’ हा शब्द अपमानाचा नसून हक्काचा आहे, हे त्यांनी शेतकरी जातींना फार आधी समजावलं.

पण संविधान सभेतलं त्यांचं एक भाषण जयंतीच्या व्यासपीठावर कधी येत नाही. ऑगस्ट १९४९मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा झाली. भाऊसाहेबांचा आक्षेप होता की मसुद्यामुळे भारताचं नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. वाटेत मुंबईत उतरलेल्या परक्या बाईला इथं मूल झालं तर तेही भारतीय ठरणार का, असा त्यांचा सवाल. इथवर ठीक, कायद्याचा मुद्दा आहे. पण त्यांच्या दुरुस्तीत पुढे असं होतं की दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू आणि शीख माणसाला भारताचं नागरिकत्व मिळण्याचा हक्क असावा. म्हणजे नागरिकत्वाच्या दारावर धर्माचं नाव लिहायचं. सभेनं ही दुरुस्ती स्वीकारली नाही.

हे कसं समजून घ्यायचं? १९२७ला जो माणूस धर्माच्या नावानं बंद असलेलं दार उघडायला गेला, तोच १९४९ला धर्माच्या नावानं एक दार राखून ठेवायला सांगतो. फाळणीची आग ताजी होती, निर्वासितांचे लोंढे येत होते, हे मान्य. हिंदू-शिखांना जायला दुसरा देश कुठला, हा त्यांचा प्रश्न त्या दिवसांत अनेकांच्या ओठावर होता. पण कारण समजलं म्हणजे समर्थन झालं असं नाही. मला यात एक सुसंगतीही दिसते, आणि ती अस्वस्थ करणारी आहे. त्यांची सुधारणा ही घराच्या आतली सुधारणा होती. हिंदू समाजाच्या घरात सगळ्यांना समान जागा हवी, यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. पण घराला भिंत असावी की नाही, हा प्रश्न आला तेव्हा ते भिंतीच्या बाजूनं उभे राहिले. छात्रालयाला त्यांनी ज्यांचं नाव दिलं ते स्वामी श्रद्धानंदही अस्पृश्यता निवारणाचे आणि शुद्धीचे, दोन्हींचे पुरस्कर्ते होते. बाबासाहेबांचा मार्ग इथं वेगळा होतो. त्यांनी माणसाला आधी नागरिक मानलं, मग बाकी सारं. हा फरक लपवून आपण दोघांच्या तसबिरी शेजारी शेजारी लावतो, तेव्हा दोघांवरही अन्याय करतो.

पुढे १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही निवडणुकांत ते लोकसभेवर गेले आणि १९५२ ते १९६२ या दशकात केंद्रात शेती आणि सहकाराशी निगडित मंत्रिपदांवर राहिले. भातशेतीची जपानी पद्धत देशभर पोचवण्याच्या मोहिमेशी त्यांचं नाव जोडलं गेलं. १९५५मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, त्यामागे त्यांचीच धडपड होती. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या वेळी तिथं आले होते. वऱ्हाडचा शेतकरी रेल्वेत बसून दिल्लीला गेला आणि जगाची अवजारं त्यानं डोळ्यांनी पाहिली.

पण १९३०चं चित्र आठवा म्हणालो होतो. दिल्लीतही तेच. शेती भाऊसाहेबांकडे, पण अन्न आणि शेती या खात्याचे कॅबिनेट मंत्री दुसरे : आधी रफी अहमद किडवाई, मग अजितप्रसाद जैन, मग स. का. पाटील. स्वतंत्र भारताची मुख्य चिंता होती शहरांना स्वस्त धान्य कसं मिळेल ही. १९५६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेशी पीएल-४८० खाली गव्हाचा करार झाला. बाहेरचा स्वस्त गहू आला की शहराचं पोट भरतं आणि गावातला भाव दबतो. म्हणजे सरकारचा एक हात शेतकऱ्याला सांगत होता, ‘जास्त पिकव’, आणि दुसरा हात पिकलेल्याचा भाव खाली धरून होता. भाऊसाहेब पहिल्या हाताचे मंत्री होते. किमतींकडे पाहणारा कृषी मूल्य आयोग नेमला गेला तो जानेवारी १९६५मध्ये, आणि १० एप्रिल १९६५ला भाऊसाहेब गेले. यातला क्रूर विनोद मी समजावून सांगायला नको.

इथं प्रतिनिधित्वाचा जुना प्रश्न उभा राहतो. १७७४ साली एडमंड बर्क ब्रिस्टलच्या मतदारांना म्हणाला होता की तुमचा प्रतिनिधी हा तुमचा निरोप्या नाही, तो स्वतःच्या विवेकानं साऱ्या राष्ट्राचं हित पाहील. ऐकायला छान आहे. पण ‘राष्ट्राचं हित’ म्हणजे नेमकं कुणाचं, हे ठरवतं कोण? १९५०च्या दशकात राष्ट्राचं हित म्हणजे स्वस्त धान्य, असं आधीच ठरलेलं होतं. शेतकऱ्याचा प्रतिनिधी त्या टेबलावर बसला की त्याला दोनच वाटा : विवेकानं ते मान्य करावं, किंवा उठून बाहेर यावं. १९३३ला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. दिल्लीत दहा वर्षं ते बसून राहिले. त्यामागे लाचारी होती असं मी म्हणत नाही. आतून जे होईल ते करावं, हा त्यांचा स्वभाव होता आणि आतून त्यांनी पुष्कळ केलं. पण भावाची लढाई आतून लढता येत नव्हती.

ती बाहेरून कोणी लढली? चौधरी चरणसिंहांनी १९५९च्या नागपूर काँग्रेसच्या सहकारी शेतीच्या ठरावाला उघड विरोध केला आणि शेवटी पक्षच सोडला. वऱ्हाडातलेच, पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली, म्हणजे राज्य पहिल्यांदा कापसाच्या भावाच्या आखाड्यात उतरलं. आणि शरद जोशी. हा विरोधाभास पाहा : पंजाबराव शेतकऱ्याचे पुत्र, ते साहेब झाले. शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत साहेब होते, ते परत येऊन चाकणजवळ शेतकरी झाले. एकानं म्हटलं, शिका आणि संघटित व्हा. दुसऱ्यानं म्हटलं, आमच्या घामाचं दाम द्या, शिक्षणाचं आम्ही पाहून घेऊ. जोशींचं निदान जास्त अचूक होतं असं मला वाटतं. पण त्यांच्या सभांना विदर्भात जी गर्दी जमली, जी पोरं पत्रकं वाचत होती आणि उत्पादन खर्चाचा हिशेब फळ्यावर मांडत होती, ती वाचायला शिकली कुठं? बहुतेक भाऊसाहेबांच्या शाळेत. एका पिढीनं अक्षर दिलं म्हणून दुसऱ्या पिढीला हिशेब विचारता आला.

शेवटी अकोला. वऱ्हाडाला कृषी विद्यापीठ हवं म्हणून आंदोलन झालं आणि २० ऑक्टोबर १९६९ला अकोल्यात ते स्थापन झालं, भाऊसाहेबांच्या नावानं. ‘पीकेव्ही’ ही तीन अक्षरं आपल्याकडे बियाण्याच्या पिशवीवरून घराघरांत गेली. पीकेव्ही हायब्रीड-२ कापसाची पऱ्हाटी किती वावरांत डोलली, पीकेव्हीची मिनी डाळ मिल किती बचतगटांच्या अंगणात फिरली! ही खरी कामं आहेत. पण विद्यापीठाच्या कायद्यात उत्पादन वाढवणं आहे, संशोधन आहे, विस्तार आहे. भाव नाही. तो तिथं असायचं कारणही नाही, म्हणाल. बरोबर आहे. मात्र मग १९३०ची सोपीव आणि राखीव खात्यांची भिंत अजून पडलेली नाही, एवढं तरी कबूल करू. शेती विद्यापीठाकडे, शिक्षण संस्थेकडे, शेतकऱ्याकडे. भाव मात्र राखीव.

कोणी म्हणेल, प्राध्यापकसाहेब, मोठ्या माणसाचे दोष काढणं सोपं असतं. मी दोष काढत नाही, वाटा मोजतो आहे. त्यांनी जात तोडायचा प्रयत्न केला तो स्वतःच्या घरापासून. अक्षर दिलं ते शेवटच्या घरापर्यंत. कर्जाच्या आकड्याला प्रश्न विचारता येतो हे त्यांनी दाखवलं. भावाच्या आकड्याला प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडून राहिलं. धर्माच्या भिंतीचा प्रश्न त्यांनी चुकीच्या बाजूनं सोडवला. हा हिशेब मांडला तर त्यांचं मोठेपण कमी होत नाही. उरलेलं काम कुठलं, ते मात्र दिसतं.

म्हणून एक सुचवून थांबतो. पुढच्या २७ डिसेंबरला जिथं जिथं हार घालायचा असेल तिथं तो घालाच. पण त्या दिवशी व्यासपीठावर एक फळा ठेवा. त्यावर एका क्विंटल कापसाचा उत्पादन खर्च आणि त्या दिवशीचा बाजारभाव, असे दोन आकडे लिहा. फळ्याजवळ शेतकरी उभा करा आणि समोर त्याच्या मतांवर निवडून आलेला माणूस बसवा. त्या दोन आकड्यांमधलं अंतर त्यानं समजावून सांगावं. भाऊसाहेब असते तर ते अशा सभेत बसले असते, असं मला त्यांच्या १९२७ ते १९३३च्या कामावरून वाटतं. बसणार नाहीत त्यांना त्या दिवशी त्यांच्या नावाचा हार घालू देऊ नका.